एकतीस वेळा मेलेले मिस्टर ऑस्टविक

मिस्टर ऑस्टविक यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मरताना. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या त्या भाड्याच्या घरात येऊन आम्हाला जेमतेम पाच दिवस झाले होते. माझा नवरा हेमंत ऑफिसला गेला होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून कणीक मळत होते आणि शेजारच्या बागेत एक उंच, ताठ म्हातारा गुलाबांपाशी येरझाऱ्या घालत होता. एकाएकी तो थांबला. छातीवर हात दाबला, दोन पावलं मागे सरकला, शेडच्या लाकडी भिंतीला पाठ टेकवली आणि हळूहळू घसरत गवतावर बसला. मान एका खांद्यावर कलली. मी किंचाळलेच! कणकेच्या हातांनी तशीच मागच्या दाराने धावले, बुटकं कुंपण ओलांडलं, ओढणी अडकली ती तिथेच सोडली, आणि त्याच्यापाशी जाऊन "हेलो! सर! हेलो!" करून ओरडायला लागले.

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

"खिडकीतून तुम्हाला माझा चेहरा दिसत होता," त्याने अत्यंत सुंदर इंग्रजीत विचारलं, "की नुसता खांदा?"

"चेहरा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"उत्तम. चेहरा दिसला पाहिजे. नाहीतर मरायचं कशासाठी?" मग ते उठले, पँटचं गवत झटकलं आणि माझ्या कणकेच्या हाताशी बिनदिक्कत हात मिळवला. "सिरिल ऑस्टविक. सिनेनट. पडद्यावर एकतीस वेळा मेलोय. सवय मोडू नये म्हणून अधूनमधून मरतो."

असा संताप आला मला! "काय मेला चावट म्हातारा आहे," असं मी मराठीत म्हटलं, मोठ्याने. त्यांनी लगेच त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला नाही. पुढे वर्षभराने सांगितला तेव्हा ते इतके खूश झाले की पोस्टमनलाही सांगून आले.

ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. हेमंतची कंपनी बिझनेस पार्कमध्ये होती आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको. पुण्यात मी बँकेत होते, सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला घरी येणारी. इथे दहा वाजेपर्यंत माझं सगळं आवरून व्हायचं आणि मग संध्याकाळपर्यंत करायचं काय? चालायला जावं तर हे गाव म्हणजे एका राउंडअबाउटवरून, म्हणजे गोल चौकावरून, दुसऱ्या राउंडअबाउटवर. नुसती चिडचिड व्हायची. त्या दिवसांत मला जे भेटले ते माझ्याहूनही अस्वस्थ असलेले मिस्टर ऑस्टविक, वय वर्षं एक्याऐंशी.

ते बसत नसत. खरंच सांगते, चहाचा अख्खा कप मी त्यांना बसून पिताना कधी पाहिलं नाही. एक घोट घेतला की उठायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे, दुसरा घोट. बोलणं चालता चालता. पण थांबायचे मात्र एका ठरावीक जागी, इंचभरही इकडेतिकडे नाही, आणि खाली न बघता. मी विचारलं तर म्हणाले, "सिनेमात जमिनीवर खडूची खूण असते. तिथे थांबलं तर प्रकाश तोंडावर. चुकलात तर तुमच्या जागी दिवा दिसतो भिंतीवरचा. खूण पायांना कळली पाहिजे, डोळ्यांना नाही."

माझं आडनाव खांबेटे. इंग्रज माणसाने त्याची काय दशा केली असती ती मला माहीत होती, म्हणून मी सगळ्यांना "अनघा म्हणा, अॅना म्हणा, काहीही म्हणा" सांगायचे. मिस्टर ऑस्टविकना ते पटलं नाही. "नाव म्हणजे संवाद आहे, माय डियर. तो बदलायचा अधिकार मला नाही." तीन दिवस ते बागेत 'खां', 'बे' आणि 'टे' घोकत होते. चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून स्वच्छ हाक आली, "गुड मॉर्निंग, मिसेस खांबेटे!" ट सुद्धा आपला ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरची हाक ऐकल्यासारखं वाटलं मला.

त्यांची कथा मला तुकड्या-तुकड्यांत कळली. मूळचे मँचेस्टरचे. वडील ट्रामवर कंडक्टर. दुसऱ्या महायुद्धात हे सैन्यात रेडिओ दुरुस्त करायचे. तिथे जवानांच्या करमणुकीसाठी नाटक बसलं, त्यात उभे राहिले, आणि लढाई संपल्यावर लंडनबाहेरच्या एका स्टुडिओने त्यांना कराराने बांधून घेतलं. स्टुडिओने सगळ्यात आधी काय केलं, तर त्यांची बोली काढून टाकली. एक बाई रोज दोन तास त्यांच्या दातांत बूच धरायला लावून साहेबी इंग्रजी म्हणवून घ्यायची. वर्षभराने ते मँचेस्टरला घरी गेले आणि दारातूनच काहीतरी बोलले, तर आतून आईने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" हे सांगताना ते हसायचे. मला नाही कधी हसू आलं.

त्यानंतरची पंधरा वर्षं ते पडद्यावर अधिकारी होते. विमानदलातले, आरमारातले, पोलिसांतले. नायकाचे जिवलग मित्र. आणि जिवलग मित्राला मध्यंतराच्या आसपास मरावंच लागतं. "मी जगलो तर हीरोला राग कशाचा येणार?" असं ते म्हणायचे. एका सिनेमात ते हिंदुस्थानात होते. हिंदुस्थान म्हणजे स्टुडिओच्या मागची वाळू आणि कुंड्यांतली दोन ताडाची झाडं. "तिथे मी तुमच्या लोकांच्या गोळीने मेलो," ते म्हणाले. मी म्हटलं, "बरं झालं." ते खो खो हसले, आणि त्या दिवसापासून आमची दोस्ती पक्की झाली.

मग काळ बदलला. लोकांना पडद्यावर साहेब नकोसे झाले. कामगारांची, ट्राम कंडक्टरांची मुलं हवी झाली. मिस्टर ऑस्टविक मोठ्या आशेने एका दिग्दर्शकाकडे गेले आणि त्यांनी लहानपणीची बोली बोलून दाखवली. तो म्हणाला, "प्रयत्न चांगला आहे, पण खोटं वाटतं." हे मात्र ते एकदाच बोलले, खिडकीबाहेर बघत. त्यानंतर मसाल्याच्या आणि ग्रेव्हीच्या जाहिराती, रेडिओ, शाळांतून वाचन, काही वर्षं चक्क बुटांचं दुकान. बायको मेरियन स्टुडिओत मेकअप करायची. ती जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक भाची कार्डिफला होती, ज्युडिथ, ती रविवारी फोन करायची.

फोन! त्यांच्या घरात फोन होता तो पॅसेजमध्ये, आणि त्यांच्या सगळ्या येरझाऱ्यांचा मध्य तोच. एजंटचा फोन येईल या आशेवर हा माणूस वीस वर्षं चालत होता. वाजला की धावत जायचे आणि फोनपाशी थांबून तिसऱ्या रिंगची वाट बघायचे. "पहिल्या रिंगला उचलला तर गरजू. दुसरीला उचलला तर नवशिका. तिसरीला उचलतो तो कलावंत." मग उचलायचे आणि बहुतेक वेळा तो दुहेरी काचांच्या खिडक्या विकणारा असायचा. त्यालाही ते साहेबी आवाजात "हाऊ व्हेरी काइंड" म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि मग दर आठवड्याला. "मी वाईट काम केलंय, माय डियर. भयंकर वाईट केलंय. पण मी ड्राय झालो नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. कुणालाही विचारा." ड्राय होणं म्हणजे संवाद विसरणं; आपल्याकडे 'ब्लँक झाला' म्हणतात तेच. त्यांच्याकडे नायकाची भूमिका नव्हती, बक्षीस नव्हतं, पैसा नव्हता, भिंतीवर लावायला धड फोटोही नव्हता. होतं ते एवढं एकच, आणि ते त्यांनी जिवापाड जपलं होतं.

यावरूनच आमचं पहिलं भांडण झालं. कारण मी होते प्रॉम्प्टर. पुण्यात आमच्या बँकेचा नाटकाचा ग्रुप होता, दरवर्षी स्पर्धेला उतरायचा, आणि अकरा वर्षं विंगेत संहिता मांडीवर घेऊन मी बसले होते. मी नटी नसेन, पण माझ्याशिवाय पडदा उघडायचा नाही कुणी. नट थांबला की मनात एक, दोन म्हणायचं आणि पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द त्याच्या कानात टाकायचे. तीन म्हणायची पाळी येऊ द्यायची नाही. अकरा वर्षांत मी कुणालाही पडू दिलं नव्हतं.

"म्हणजे कुणीतरी आडून वाक्य सांगतं?" मिस्टर ऑस्टविक चालायचे थांबले. "आणि नट ते घेतो? लाज नाही वाटत?"

"लाज कसली? आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो."

"सिनेमात कुणी सांभाळत नाही. चुकलात की कट. पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणूनच तुमच्याकडे सगळे असे एकटे एकटे फिरतात," मी फटकन बोलून गेले. नंतर चुटपुट लागली. पण ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "मिसेस खांबेटे, मी तुमच्या वाक्यावर विचार करतोय. मला ते आवडलेलं नाही."

आणि मग, दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, खरंच फोन आला. मी तेव्हा त्यांच्याकडे होते. तिसरी रिंग. "ऑस्टविक." मग बराच वेळ नुसतं "येस... येस... आय सी." फोन ठेवून ते पॅसेजमध्येच उभे राहिले. एका टीव्ही मालिकेत म्हाताऱ्या बापाचं काम होतं. एका भागात दोन प्रसंग. हे चांगलं झालं तर पुढच्या तीन भागांत मोठं काम. "आणि मिसेस खांबेटे," त्यांचा आवाज चक्क कापत होता, "यात मी मरत नाही."

पाठांतर घ्यायला अर्थातच मी. तीन आठवडे रोज सकाळी अकराला. आणि तिथे माझ्या लक्षात आलं की ते विसरत होते. पहिल्या प्रसंगात सफरचंदाच्या झाडांबद्दल एक लांब भाषण होतं, त्यात ते दर वेळी कुठेतरी अडायचे. मी शब्द दिला की तोंड फिरवायचे, खोलीभर तरातरा चालायचे, "अगेन!" म्हणून पुन्हा पहिल्यापासून. हेमंत म्हणायचा, "अगं, झेपणार आहे का त्यांना? एक्याऐंशी वर्षांचे आहेत ते." "ब्याऐंशी," मी म्हणायचे, "आणि झेपणार." तिसऱ्या आठवड्यात सगळं अगदी घट्ट झालं. शेवटचे चार दिवस एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी नारळ फोडावा तसा आनंद केला. खरं म्हणजे नारळच फोडला, मागच्या पायरीवर.

दुसरा प्रसंग लहान होता. वीस वर्षांनी मुलगी घरी येते, दारात उभी राहते आणि विचारते, "ओळखलंत का मला?" यावर बापाने म्हणायचं, "हात किती गारठलेत तुझे. आत ये." बस, एवढंच. ते घरी हे वाक्य भरभर म्हणून टाकायचे. मी म्हटलं, जरा भावनेने म्हणा ना. तर म्हणाले, "घरी फक्त शब्द. बाकीचं घरी काढलं तर शिळं होतं."

शूटिंगला मला सोबत नेलं. गावाबाहेर तासाभरावर एक जुनं फार्महाउस होतं. दिग्दर्शिका होती हेलन, पस्तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बोलायला प्रेमळ. ती आणि मिस्टर ऑस्टविक सकाळी मेकअपच्या गाडीत काहीतरी हळू आवाजात बोलत बसले होते. मला खोलीत जागा नव्हती, म्हणून बापाच्या खुर्चीमागच्या अर्धवट उघड्या दारापाशी एका स्टुलावर बसवलं. त्यांची पाठ मला दिसत होती, चेहरा नाही. आणि सवय ती सवय, संहिता माझ्या मांडीवर.

सफरचंदांचं भाषण त्यांनी एका दमात म्हटलं. एका दमात! कॅमेऱ्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी दारामागे आवाज न करता रडत होते.

मग दुसरा प्रसंग. सगळं चिडीचूप. मुलगी झालेली नटी दारात आली. "ओळखलंत का मला?"

मिस्टर ऑस्टविक बोलले नाहीत.

एक. दोन. तीन. मला त्यांची मान दिसत होती, जराही हलत नव्हती. तीन आठवड्यांत हे वाक्य ते कधी विसरले नव्हते, पण माणूस कुठे अडेल ते सांगता येतं का? मी पाहिलेत ना, बायकोचं नाव विसरणारे नट! चार. शपथ घेऊन सांगते, मी चारपर्यंत थांबले. आणि मग अकरा वर्षांची सवय माझ्या तोंडातून निघून गेली.

"हात किती," मी म्हणाले. इंग्रजीत, अर्थातच. विंगेतला आवाज, तिसऱ्या रांगेला न ऐकू जाणारा. पण तिथे मायक्रोफोन होते.

आवाजवाल्या माणसाने कानांवरचे हेडफोन काढून दाणकन ठेवले. "कोण बोललं?" "कट!" सगळ्यांची तोंडं माझ्या दाराकडे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एक टाय लावलेला माणूस, निर्माता, ताडताड माझ्याकडे यायला निघाला.

तेवढ्यात मिस्टर ऑस्टविक खुर्चीतून उठले आणि त्याच्या आणि माझ्या मधे उभे राहिले.

"लेडीज अँड जंटलमन, माफ करा," ते म्हणाले. "मी ड्राय झालो. मिसेस खांबेटे यांनी मला वाचवलं."

"पण सिरिल, तुम्ही तर..." हेलन म्हणाली.

"मी विसरलो, हेलन." त्यांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "जमलं तर पुन्हा घेऊ या."

पुन्हा घेतलं. या वेळी मुलीने विचारल्याबरोबर त्यांनी उत्तर दिलं, लगेच, स्वच्छ, घरी म्हणायचे तसं. हेलन जवळ येऊन खाली वाकली. "आणखी एक घ्यायचा का? तुम्हाला हवा तेवढा वेळ घेऊन?" ते म्हणाले, "नको. असंच सुरक्षित आहे." ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग परत गेली.

परतीच्या गाडीत ते काचेवर बोटं वाजवत होते. मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. कुणालाही होतं असं."

"किती मोजलेत?" त्यांनी विचारलं.

"चार."

"चार! तुमच्या मानाने बरंच थांबलात," ते म्हणाले, आणि हसले. मला हायसं वाटलं. आपण यांना मोठ्या नामुष्कीतून वाचवलं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पंधरा दिवसांनी एजंटचं पत्र आलं. पुढच्या भागांत बापाचं काम राहणार नव्हतं. दोन भागांच्या मधे तो वारतो आणि मुलगी एका वाक्यात तसं सांगते. "बत्तिसावा," मिस्टर ऑस्टविक पत्राची घडी घालत म्हणाले. "आणि तोही पडद्याबाहेर." निर्मात्याने एजंटला सांगितलं होतं की म्हाताऱ्याच्या स्मरणशक्तीचा भरवसा नाही. या धंद्यात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्यानंतर एजंटचा फोन आला नाही. मिस्टर ऑस्टविकच्या येरझाऱ्या वाढल्या. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीतून पावलं ऐकू यायची, पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती ऐकून मलाही घरात बसवेना.

आणि मी काय केलं? रोज सकाळी त्यांना पाच बदाम नेऊन दिले. रात्री भिजत घालून, सालं काढून. "स्मरणशक्तीला चांगले असतात," मी सांगितलं. रोज, न चुकता, सहा-सात महिने. मिस्टर ऑस्टविक ते पाचही बदाम माझ्यासमोर खायचे आणि "थँक यू, मिसेस खांबेटे" म्हणायचे. एकदाही नको म्हणाले नाहीत.

एवढंच नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला, हळदीकुंकवाला, बायका जमल्या की मी ती गोष्ट रंगवून सांगायचे. इंग्रज नट, शूटिंग, सगळे श्वास रोखून, आणि आपली पुण्याची प्रॉम्प्टर! काय हशा पिकायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. मागच्या दाराने गेले तर ते पॅसेजमध्ये पडले होते. या वेळी चेहरा दिसत नव्हता. हॉस्पिटलात चार दिवस काढले आणि गेले. ज्युडिथ कार्डिफहून आली. शांत, नीटनेटकी बाई. म्हणाली, "अंकल सिरिल फोनवर तुमच्याबद्दलच बोलायचे. अंत्यसंस्काराच्या प्रार्थनेच्या वेळी तुम्ही चार शब्द बोलाल का?"

बोलले. वीसेक माणसं होती. दोन जुने नट, काठ्या टेकत, बूट चकचकीत करून आले होते. शेवटच्या रांगेत हेलन होती. समोर त्यांची शवपेटी. मी कागदावर लिहून नेलं होतं आणि काय लिहिलं होतं? तीच गोष्ट. ते कसे थांबले, मी कसे आकडे मोजले, मी कसा शब्द दिला, आणि त्यांनी सगळ्यांसमोर कसं मोठ्या मनाने कबूल केलं की मी विसरलो. लोक हसले. ज्युडिथने डोळे पुसले. ते दोन म्हातारे मात्र हसले नाहीत. त्यातला एक दुसऱ्याच्या कानाशी लागला आणि दोघांनी माना खाली घातल्या.

नंतर जवळच्या एका पबच्या वरच्या मजल्यावर चहा होता. हेलन माझ्याकडे आली. बराच वेळ कपातला चमचा फिरवत राहिली.

"त्यांनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, ना?" ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी सकाळी मेकअपच्या गाडीत ते मला म्हणाले होते, मुलीने विचारलं की मी थांबणार आहे. बराच वेळ. घाबरून कट म्हणू नकोस, मी विसरलेलो नसेन." तिने चमचा बशीत ठेवला. "मिसेस खांबेटे, मी कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा बघत होते. आधी तिला ओळखत नाहीत, मग ओळखतात, मग वीस वर्षांचा राग येतो, मग तो जातो. एक शब्द न बोलता. मी आजवर तसं काही पाहिलेलं नाही."

माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

"मग दुसऱ्या वेळी का नाही थांबले?" मी विचारलं.

"दुसऱ्यांदा थांबले असते तर सगळ्यांना कळलं असतं, पहिलंही मुद्दामच होतं म्हणून. मग चूक कुणाची, हेही कळलं असतं. निर्माता तुमच्या अंगावर धावून येत होता." हेलनचे डोळे भरून आले. "नंतर मी त्यांना फोन केला, म्हटलं मी खरं सांगते सगळ्यांना. ते म्हणाले, हेलन, तिच्याकडे लोक एकमेकांना सांभाळून घेतात. राहू दे."

मी ज्युडिथकडे पाहिलं, ती सँडविचची थाळी फिरवत होती. कोपऱ्यात ते दोन म्हातारे नट बसले होते, काही न खाता. ज्या गोष्टीसाठी तो माणूस जगला ती मी त्याच्या पेटीसमोर उभं राहून, त्याच्या लोकांदेखत, हसत हसत पुसून टाकली होती. लाज म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी टेबलावरचा चमचा उचलला आणि कपावर वाजवला. खोली गप्प झाली.

"मघाशी," मी म्हणाले, आणि पुढचं इंग्रजीच सुचेना. सगळे बघत होते. हेलन पुढे आली, माझ्यासाठी बोलायला. मी तिला हाताने थांबवलं.

"मघाशी मी सांगितलं ते चूक होतं," मी म्हणाले. "मिस्टर ऑस्टविक त्या दिवशी काहीही विसरले नव्हते. ते अभिनय करत होते. मला तो कळला नाही आणि मी मधे बोलले. चूक माझी होती. ती त्यांनी स्वतःवर घेतली, आणि त्यापायी त्यांचं काम गेलं."

कोपऱ्यातला एक म्हातारा काठीवर भार देऊन उठायला लागला. त्याला उठायला खूप वेळ लागला. पूर्ण ताठ उभा राहिल्यावर तो बोलला.

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला. "सिरिल आणि ड्राय? मघापासून माझा विश्वासच बसत नव्हता." आणि वळून दुसऱ्याला, ज्याला बहुतेक नीट ऐकू येत नव्हतं, त्याने मोठ्याने, हसत, अगदी पोरासारखा आनंद होऊन सांगितलं, "ऐकलंस का रे? नव्हता विसरला! सिरिल नव्हता विसरला!"

तेव्हा मला रडू कोसळलं. ज्युडिथने थाळी खाली ठेवली आणि मला धरलं, आणि ते दोघे म्हातारे एकमेकांचा हात हातात घेऊन पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले.